छंद, खोकला आणि छोटी आगगाडी

दवाखान्यात नवा पेशंट आला की केसपेपरवर आम्ही चार गोष्टी लिहितो : नाव, वय, गाव आणि व्यवसाय. पहिल्या तीन गोष्टी आमचा कंपाउंडरच लिहून टाकतो. चौथी मात्र डॉक्टरने स्वतः विचारायची असते. माझ्याकडून ती एकदा नीट विचारली गेली नाही आणि त्यामुळे एका सज्जन गृहस्थांना चार-पाच महिने विनाकारण खोकत बसावे लागले. चूक माझी होती. ती वाचकांना सांगितली तर दुसऱ्या कोणाचा तरी त्रास वाचेल, म्हणून आजचा लेख. संबंधित गृहस्थांची परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव मात्र सांगत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू.

खोकला कशाचा?

अण्णा साधारण अडुसष्ट वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त होऊन आमच्या कोरेगावातच स्थायिक झालेले. विडी-सिगारेट नाही, तंबाखूची मात्र जुनी सवय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. तक्रार साधी होती : कोरडा खोकला, रात्री जास्त, पहाटे छाती भरून आल्यासारखी वाटते, जिना चढताना थोडी धाप लागते.

हवा बदललेली, शेजारी ऊसतोडी चालू, रस्त्यावर धूळ. मी खोकल्याचे औषध दिले. आठ दिवसांनी पुन्हा आले. प्रतिजैविकाचा एक कोर्स दिला, महिन्याभराने दुसरा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे क्षयरोग नाही ना, हे पाहिलेच पाहिजे, म्हणून थुंकीची तपासणी केली. त्यात जंतू नव्हते. छातीचा फोटोही स्वच्छ निघाला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असा कोरडा खोकला येतो, पण अण्णा तशी गोळी घेत नव्हते.

मध्यंतरी ते मुलीकडे पुण्याला पंधरा दिवस राहून आले. म्हणाले, "डॉक्टर, तिकडे एकदम बरं वाटलं बघा. इथं आलो आणि चार दिवसांत पुन्हा सुरू." पुण्याच्या धुरात बरे वाटते आणि कोरेगावच्या हवेत खोकला येतो, हे ऐकून मला हसू आले. खरे तर मी तिथेच थांबायला हवे होते. रोगाचे उत्तर पेशंटने माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. पण केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'निवृत्त' असे लिहिले होते, आणि निवृत्त माणूस दिवसभर पेपर वाचतो आणि देवळात जातो, अशी माझी समजूत होती.

मागच्या खोलीतले स्टेशन

एके दिवशी अण्णांच्या मंडळींचा रक्तदाब वाढला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची तपासणी झाल्यावर अण्णा म्हणाले, "डॉक्टर, पाच मिनिटं वेळ आहे का? आमची गाडी बघा." मला वाटले, नवी मोटारसायकल घेतली असेल. त्यांनी मला मागच्या खोलीत नेले.

खोलीत भिंतीला लागून एक लांबरुंद टेबल होते आणि त्यावर एक आख्खे स्टेशन. उताराचे कौलारू छप्पर, पाण्याची टाकी, सिग्नलचे हात, मालधक्का, मागे डोंगराची रांग. आणि या सगळ्यातून फिरणारे अरुंद रूळ. आपल्या भागातून पुणे-मिरज मार्गावर पूर्वी मीटर गेजची गाडी धावत असे. १९७१ च्या सुमारास तो मार्ग ब्रॉडगेज झाला. अण्णांचे वडीलही रेल्वेत होते. लहानपणी पाहिलेले, वाफेच्या इंजिनाच्या काळातले ते स्टेशन अण्णा आठवून आठवून उभे करत होते.

या छंदाला मंडळी 'लेआउट करणे' म्हणतात. लेआउट म्हटले की आपल्याला बिगरशेती प्लॉट आठवतात, पण हा वेगळा. छंद तसा जुना आहे. जर्मनीच्या मार्कलिन कारखान्याने १८९१ साली रूळ जोडून वाढवता येणारी खेळण्यातली रेल्वे लोकांपुढे आणली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांची चावीची आगगाडी १९२० साली बाजारात आली. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. शाळेच्या सहलीबरोबर अनेक वाचकांनी ते पाहिलेही असेल.

अण्णांच्या या छंदात आणखी तिघे होते. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, एक वायरमन आणि साताऱ्याच्या कॉलेजात शिकणारा एक मुलगा. प्रत्येकाच्या घरी लहानमोठा लेआउट. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ते कोणा एकाच्या घरी जमत आणि पंधरा दिवसांत कोणाचे काम कुठवर आले ते बघत. कोणाचा बोगदा पुरा झाला, कोणाचा सांधा अजून अडतो, कोणाच्या इंजिनाने वळणावर रूळ सोडला, यावर तासभर चर्चा आणि मग चहा. चारही जण एकमेकांचे कौतुक करत आणि चुकाही काढत.

बारा मिलिमीटरचा रूळ

मी पाहत असताना अण्णांनी काम सुरू केले आणि मला सगळा उलगडा झाला.

दुकानात मिळणारा तयार रूळ बहुधा परदेशी मापाचा असतो. ज्या प्रमाणात खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करतात, त्या प्रमाणातला प्रचलित रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा. तो तिकडच्या १४३५ मिलिमीटर गेजला जुळतो. आपले मीटर गेज म्हणजे १००० मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागले तर साडेअकरा येतात, म्हणजे धरून चालू बारा. असा रूळ जवळपास कुठे मिळेना, म्हणून अण्णांनी तो स्वतः करायला घेतला. रेडिओच्या सर्किटसाठी तांब्याचा पत्रा चढवलेली जी पाटी मिळते, तिच्या बारीक पट्ट्या कापायच्या. ते झाले स्लीपर, आपल्या भाषेत सिलिपाट. मधला तांब्याचा थर कानशीने तोडायचा, नाही तर दोन्ही रुळांतली वीज एकमेकींना मिळते. मग प्रत्येक पट्टीवर दोन्ही बाजूंचे रूळ सोल्डरिंगने चिकटवायचे.

हिशेब करा. साधारण आठ मिलिमीटरला एक सिलिपाट धरला तर एक मीटर रुळाला सव्वाशे सिलिपाट आणि अडीचशे डाग. अण्णांचा रूळ नऊ-दहा मीटरचा होता. म्हणजे दोन-अडीच हजार वेळा हा माणूस तापलेल्या सोल्डरिंगवर वाकला होता. तेही खिडकी बंद करून, कारण रुळावर धूळ बसली की गाडी अडते. बारीक दिसत नाही म्हणून तोंड कामापासून वीतभर अंतरावर. प्रत्येक डागाला पांढऱ्या धुराची एक रेघ उठे आणि सरळ त्यांच्या नाकात जाई. खोलीत राळेचा वास भरून राहिला होता. पाचव्या डागाला अण्णांना ढास लागली.

मी विचारले, "अण्णा, हे काम कधी सुरू केलं?" म्हणाले, "गणपतीनंतर." खोकला दिवाळीनंतरचा. "आणि पुण्याला गेलात तेव्हा?" अण्णा हसले. "तिकडं कुठली गाडी, डॉक्टर!"

धूर शिशाचा नव्हे, राळेचा

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोल्डरिंगच्या तारेत कथील असते आणि जुन्या पद्धतीच्या तारेत शिसेही असते. धूर दिसला की लोकांना वाटते, शिसेच जळते आहे. तसे नाही. सोल्डरिंगच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. दिसतो तो धूर तारेच्या पोटात भरलेल्या राळेचा. ही राळ, दुकानदार तिला रोझिन म्हणतात, चीड जातीच्या झाडाच्या चिकातून काढतात. ती धातू स्वच्छ करते म्हणून डाग नीट बसतो.

पण हाच धूर रोज छातीत गेला तर काही माणसांच्या श्वासनलिकांना त्याचे वावडे निर्माण होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांना यामुळे दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक वर्षांपासून माहीत आहे. या दम्याच्या तीन खुणा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, तो काम सुरू केल्याबरोबर होत नाही. आधी काही आठवडे, महिने, कधी वर्षेही काहीच होत नाही आणि मग सुरू होतो. त्यामुळे 'इतके दिवस करतोय, तेव्हा नाही झालं ते' या बोलण्याला अर्थ नाही.

दुसरी, त्रास कामाच्या वेळीच होईल असे नाही. काम संध्याकाळी आणि खोकला मध्यरात्री, असेही होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गाव सोडून किंवा सुट्टीवर गेले की बरे वाटते, परत आले की पुन्हा सुरू.

शिशाचा धोका वेगळ्या वाटेने येतो, तो म्हणजे हातावाटे तोंडात. तार धरलेल्या बोटांनी अण्णा तळहातावर तंबाखू मळत आणि दाढेखाली धरत. त्याच बोटांनी बिस्किट खात. तंबाखू वाईट हे मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत होतोच, आता त्यात शिशाची भर. शिसे लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भाला फार घातक असते. म्हणून अशा टेबलाखाली रांगते मूल किंवा जवळ गरोदर सून असू नये.

खात्री कशी केली?

अण्णांना फुंकर मारून मोजण्याचे एक साधे प्लास्टिकचे यंत्र दिले. त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. जोरात फुंकर मारली की श्वासनलिका किती मोकळ्या आहेत ते आकड्यात कळते. दिवसातून चार वेळा फुंकायचे आणि वहीत आकडा लिहायचा. शेजारी त्या दिवशी सोल्डरिंग केले की नाही तेही लिहायचे. रेल्वेतला माणूस, वही अशी चोख ठेवली की बघत राहावे. सोल्डरिंगच्या दिवसांत रात्रीचे आकडे खाली आले होते, काम बंद ठेवलेल्या दोन आठवड्यांत हळूहळू वर चढले होते. ती वही घेऊन त्यांना साताऱ्याच्या छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी श्वासाची सविस्तर तपासणी करून निदान पक्के केले.

हा प्रयोग वाचकांनी मनाने करू नये. ज्याला असा दमा झाला आहे त्याला मुद्दाम धूर दिल्यास जोराचा अटॅक येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तो करायचा असतो.

अण्णांना श्वासातून घ्यायचे औषध सुरू झाले. त्यावर मंडळींचा पहिला प्रश्न, "पंपाची सवय लागेल का?" लागत नाही. त्यातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून मात्रा कमी लागते. पंप ओढल्यावर चूळ भरावी, एवढेच पथ्य.

मग छंद बंद?

खरी अडचण पुढेच होती. एकदा राळेचे वावडे पक्के झाले की खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. अगदी थोडा धूरही त्रास देतो. आणि तसेच काम चालू ठेवले तर दमा कायमचा होऊन बसतो. लवकर थांबले तर बरे होण्याची शक्यता जास्त. म्हणजे अण्णांना सोल्डरिंग सोडणे भागच होते.

मी हे सांगितले तेव्हा त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मी तर म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका सगळं." अण्णा काही बोलले नाहीत. टेबलावरचा अर्धवट रूळ बोटाने पुसत राहिले. निवृत्तीनंतर पहिले वर्षभर हेच अण्णा झोप येत नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही म्हणून माझ्याकडे येत असत. ते येणे कधी थांबले, हे मी जुन्या केसपेपरवर पाहिले. छंद सुरू झाला त्या सुमारासच. छातीचा रोग बरा करताना मी मनाचा रोग परत आणणार होतो.

तोडगा मी काढला नाही, त्यांच्या रविवारच्या मंडळींनी काढला. अण्णांनी सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्यावर चित्रकलेचे सर म्हणाले, "अण्णा, तुमच्या मीटर गेजच्या काळात रूळ डागाने जोडत होते का? लाकडी सिलिपाटावर खिळे ठोकायचे ना?" झाले! उरलेला रूळ लाकडी पट्ट्यांवर बारीक खिळ्यांनी बसवायचा ठरला. लाकूड चिकटवायला साधा पांढरा डिंक, जो सुतार वापरतात तोच. झटपट चिकटणारा गोंद नको, कारण त्याच्या वाफेनेही दमा उठू शकतो. विजेच्या तारा स्क्रूच्या पट्टीत आवळायच्या. आणि जिथे सोल्डरिंगला पर्यायच नाही तो तुकडा वायरमन आपल्या घरी नेऊन करून आणणार. अण्णा त्या बदल्यात त्याच्या सिग्नलचे हात करून देणार.

काम सावकाश होऊ लागले, पण होऊ लागले. आता अण्णांचा पंप तज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी झाला आहे आणि रात्रीची झोप लागते. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

छंद करणाऱ्यांसाठी काही सूचना

छोटी रेल्वे असो, रेडिओ दुरुस्ती असो की गणपतीची आरास, घरी बारीक काम करणाऱ्या सर्वांना पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१) सोल्डरिंग उघड्या खिडकीजवळ करावे. धूर तोंडाकडे न येता बाहेर जाईल असा पंखा ठेवावा. तोंड धुराच्या वर नव्हे, बाजूला ठेवावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कामाच्या टेबलावर चहा, खाणे, तंबाखू बंद.

२) चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. वाकून डोळे ताणण्यापेक्षा योग्य नंबरचा चष्मा, बाजूने चांगला दिवा आणि लागल्यास भिंग वापरावे. रूळ किंवा तार कापताना तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

३) झटपट गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजू शकते. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हलके सोडवावीत. डोळ्यात गेला तर पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, पाण्याने धुवून डॉक्टरकडे जावे.

४) डोंगर करायला प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. ते घट्ट होताना तापते. जाड थरात हात बुडवून ठेवू नये. थर्मोकोल तापल्या तारेने कापायचा तर अंगणात कापावा.

५) भाजले तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये.

६) रुळात साधारण बारा व्होल्टची वीज असते, तिची भीती नाही. भीती भिंतीतल्या २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर बंद पेटीतला, चांगल्या प्रतीचा असावा. घराच्या बोर्डात गळती झाल्यास वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यावे.

७) नातवंडे असतील तर बटणासारखे सेल आणि बारीक लोहचुंबक कुलपात ठेवावेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भोक पाडू शकतो. दोन चुंबक गिळले तर ते आतड्यांना मध्ये पकडून इजा करतात. मूल ठीक दिसत असले तरी वाट पाहू नये, ओकारी काढू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

८) अर्ध्या तासाने उठून मान, खांदे, कंबर मोकळी करावी. टेबल इतके उंच असावे की फार वाकावे लागणार नाही.

शेवटी

इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कारागिरांना त्यांच्या कामामुळे होणाऱ्या रोगांवर त्यांनी १७०० साली ग्रंथ लिहिला. पेशंटला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा 'तुम्ही काम काय करता?' हेही विचारा, असे त्यांनी डॉक्टरांना बजावले. तीनशे वर्षांपूर्वीचा हा धडा कॉलेजात शिकूनही मी विसरलो होतो. 'निवृत्त' हा व्यवसाय नव्हे, हे अण्णांनी मला शिकवले. आता माझ्या केसपेपरवर व्यवसायाखाली आणखी एक ओळ असते : 'रिकाम्या वेळात काय करता?' त्या ओळीखाली आजवर पत्रावळी लावणे, मूर्ती रंगवणे, कबुतरे पाळणे अशी किती तरी उत्तरे आली आहेत. आणि दोन-तीन वेळा रोगाचे मूळही तिथेच सापडले आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपण होऊन सांगा. घरी काय काम करता, कोणत्या खोलीत करता, कशाचा वास येतो, आणि परगावी गेल्यावर बरे वाटते का. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आणि घरातल्या मंडळींनो, म्हातारपणी माणूस खेळण्यात रमला म्हणून त्याला हसू नका. फक्त त्याच्या खोलीची खिडकी उघडी आहे ना, तेवढे पाहा.